नाकापेक्षा मोती जड: जुन्या मसल कारचं वजन रस्त्यासाठी कसं उतरवायचं

मसल कार, म्हणजे मोठ्या इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी, घेतलेल्या माणसाचा पहिला खर्च हमखास ताकदीवर होतो. मोठा कार्ब्युरेटर, तगडा कॅमशाफ्ट, कर्कश सायलेन्सर. गाडीचं वजन किती, हे त्याला विचारलं तर तो इंटरनेटवर बघून सांगतो. तो आकडा साठ-सत्तरच्या दशकातल्या माहितीपत्रकातला असतो आणि त्यानंतर त्याच्या गाडीत पन्नास वर्षं भर पडलेली असते.

मी मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो. माझी गाडी १९७१ची शेव्हेल मालिबू. ३५० घनइंची इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कारखान्यातूनच आलेला एसी. इथे गाड्यांच्या धंद्यात मराठी माणसं पुष्कळ आहेत, आणि दिवसभर नव्या गाड्यांच्या फाइली बघून संध्याकाळी जुन्या गाडीखाली झोपणारेही त्यांच्यात आहेत. त्यांच्यापैकी नव्याने या नादाला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं माझ्या शेव्हेलची असली तरी कमॅरो, मस्टँग किंवा रोड रनरलाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी ध्येय ठरवून घ्या. ड्रॅग स्ट्रिपवाल्यांचा, म्हणजे पाव मैल सरळ शर्यत लावणाऱ्यांचा, ढोबळ हिशेब असा, की शंभर पाउंड, म्हणजे ४५ किलो उतरवले की पाव मैलाच्या वेळेतून सेकंदाचा दहावा भाग कमी होतो. रस्त्यावर तो दहावा भाग कोणाला कळतही नाही. कळतं ते वेगळंच: ब्रेक मारल्यावर गाडी कशी थांबते, वळणावर नाक बाहेर किती पळतं, खड्ड्यातून गेल्यावर चाक किती आदळतं. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत एकूण वजनापेक्षा ते कुठे बसलंय याला जास्त महत्त्व. १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओपासून या गाड्यांची पाककृतीच अशी, की मधल्या आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन घालायचं. ते इंजिन बिडाचं, आणि त्याचा बहुतेक भार पुढच्या चाकांवर. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

पहिली पायरी: काटा

पाना हातात घेण्याआधी गाडी वजनाला न्या. अमेरिकेत हायवेलगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे मोठे काटे असतात. त्यांच्यात वेगवेगळे पट्टे असतात. पुढची चाकं पहिल्या पट्ट्यावर आणि मागची दुसऱ्यावर येतील अशी गाडी उभी करायची, बटण दाबून आतल्या माणसाला सांगायचं, की पुढच्या-मागच्या आसाचं वजन वेगळं छापलेली पावती मिळते. खर्च किरकोळ. रांगेतले ट्रकवाले कौतुकाने बघतात, क्वचित हॉर्नही देतात.

टाकीत पेट्रोल किती होतं ते पावतीवर लिहून ठेवा. पेट्रोलचं वजन गॅलनला सहा पाउंडांच्या आसपास असतं. वीस गॅलनची टाकी भरलेली आणि रिकामी यांत सव्वाशे पाउंडांचा फरक पडतो. म्हणजे टाकी अर्धी ठेवणं हा वजन उतरवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, आणि पुढच्या वेळी टाकी भरून वजन केलंत तर सगळी मेहनत वाया गेल्यासारखी वाटेल.

हा काटा वीस-वीस पाउंडांच्या टप्प्यात मोजतो, त्यामुळे सात पाउंडांचा पंप बदललेला त्याला कळणार नाही. सुट्या भागांसाठी घरातला माणसं उभी राहायचा काटा चालतो. जुना भाग निघाला की तोल, नवा आला की तोल, आणि वहीत लिही. ही सवय लागली की जाहिरातीतले ‘हलके’ भाग खरंच किती हलके असतात तेही कळायला लागतं.

माझी पहिली पावती मी आत बसलेला आणि टाकी अर्धी असतानाची: पुढे २,१४०, मागे १,७२०, एकूण ३,८६० पाउंड. ५५ टक्क्यांहून थोडा जास्त भार पुढे.

दुसरी पायरी: फुकटात निघणारं

डिकीपासून सुरुवात करा. माझ्या डिकीत आधीच्या मालकाचा स्पीकरचा खोका, दोन मृत अ‍ॅम्प्लिफायर, ऑइलचे डबे आणि एक सिमेंटची वीट निघाली. सगळं मिळून ५५ पाउंड. वीट बहुधा बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून ठेवली असावी. गाडीखाली ट्रेलर ओढायचा हिच होता, तो ३८ पाउंड. स्टेपनी काढून टाकू नका. मात्र पूर्ण आकाराच्या जड स्टेपनीऐवजी अरुंद, तात्पुरती स्टेपनी ठेवता येते. ती तुमच्या ब्रेकवर बसते का, हे घरीच लावून बघा. रात्री अकरा वाजता आय-७५ हायवेच्या कडेला ते कळून उपयोग नाही.

मग मडगार्डच्या आतल्या बाजूला, दारांच्या तळाशी आणि काचेखालच्या कपारीत हात घाला. वर्षानुवर्षांचा पाचोळा आणि चिखल तिथे बसलेला असतो. त्याचं वजन फार नसतं, पण तो ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे या गाड्यांचे पत्रे गंजून पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेले असतात. फ्रिजवरचं चपटं चुंबक कापडात गुंडाळून मागच्या चाकावरच्या पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. पुट्टीसाठी लगेच पत्रा कापायला जाऊ नका, ती रंगाच्या वेळी बघू. पण तुमची गाडी माहितीपत्रकापेक्षा जाड का, त्याचं उत्तर तिथे असू शकतं.

आता यातली मेख. डिकी रिकामी करून, हिच काढून मी खूश झालो आणि गाडी आणखी वाईट चालायला लागली. ओल्या रस्त्यावर सिग्नल सुटला की मागचं चाक जागीच फिरे. कारण सोपं आहे: मागच्या आसाच्याही मागे असलेलं वजन काढलं की मागचा भार तर कमी होतोच, शिवाय तराजूसारखा पुढचा भार किंचित वाढतो. एकूण आकडा उतरला, पण पुढचा वाटा ५७ टक्क्यांच्या वर गेला. ती सिमेंटची वीट इतकी मूर्खपणाची नव्हती म्हणायची. म्हणून डिकी रिकामी करायची ती नाकाचं काम लगेच पुढे असेल तरच.

तिसरी पायरी: नाक

खरा माल इथे आहे. आणि इथेच माझा एक नियम: चालू, धडधाकट भाग केवळ वजनासाठी काढायचा नाही. जुन्या गाडीत काही ना काही मरतच असतं. जे मरेल त्याच्या जागी हलकं आणायचं. असं केलं की वजन उतरवण्याचा वेगळा खर्च जवळपास राहत नाही.

बॅटरी सगळ्यात आधी. जुन्या पद्धतीची मोठी बॅटरी ४० पाउंडांच्या घरात असते आणि थेट नाकात बसलेली असते. ती डिकीत, शक्यतो उजव्या बाजूला नेली तर पुढचं ओझं कमी होतं आणि मागच्या चाकांना पकड मिळते. वजन तेच, जागा बदलली, फायदा दुप्पट. पण हे काम नीट करायचं. वायर जाड हवी, कारण लांबी वाढली की दाब पडतो आणि स्टार्टर रडतो. बॅटरीपासून वीतभर अंतरातच मोठा फ्यूज किंवा ब्रेकर हवा. वायर पत्र्यातून जिथे आरपार जाते तिथे रबरी बूच हवं. अर्थिंगची वायर चेसिसला, आणि चेसिसपासून इंजिनला दुसरी. शेव्हेलसारख्या गाडीत डिकी आणि मागच्या सीटमध्ये पुठ्ठ्यापलीकडे काही नसतं, म्हणून साधी अ‍ॅसिडची बॅटरी असेल तर झाकणाचा खोका आणि त्याची वाफ बाहेर काढणारी नळी अत्यावश्यक. मी बंदिस्त, न सांडणारी एजीएम बॅटरी घेतली, ती ३० पाउंडांची निघाली. कधी ड्रॅग स्ट्रिपवर जाणार असाल तर डिकीतल्या बॅटरीसाठी बाहेरून बंद करता येणारा स्विच लागतो, ड्रॅग शर्यतींची अमेरिकन संघटना एनएचआरए हिचा तसा नियमच आहे. लिथियमची बॅटरी याहूनही पुष्कळ हलकी येते, पण शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करू नये आणि जुन्या यांत्रिक रेग्युलेटरशी तिचं जमत नाही. महागही आहे. मला तरी ती रस्त्याच्या गाडीत चैन वाटते.

त्यानंतर इनटेक मॅनिफोल्ड. छोट्या शेव्ही व्ही-आठचं बिडाचं मॅनिफोल्ड उचलून बघा, मग अ‍ॅल्युमिनियमचं उचला. माझ्या काट्यावर २६ पाउंडांचा फरक आला. फोर्डच्या एफई घराण्यातलं, म्हणजे ३९० किंवा ४२८ इंजिन असेल तर बिडाचं मॅनिफोल्ड एकटंच ८० पाउंडांच्या आसपास भरतं. ते काढताना दोन माणसं घ्या, माझ्या ओळखीतल्या एकाने पाठ धरून ठेवली आहे. मॅनिफोल्ड घेताना कार्ब्युरेटर कोणता ते आधी बघा: क्वाड्राजेटची मागची दोन भोकं मोठी असतात, चौकोनी रचनेच्या होली कार्ब्युरेटरला ते मॅनिफोल्ड तसंच्या तसं चालत नाही. बसवताना पुढच्या-मागच्या कडेला बुचाच्या पट्ट्या टाकून द्या आणि सिलिकॉनची जाड रेघ ओढा. पट्ट्या सरकतात आणि मग तेल गळतं.

हेड्सचं, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणांचं, काम मोठं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या जोडीने ४० ते ५० पाउंड उतरतात, मोठ्या ब्लॉकवर, म्हणजे ३९६ किंवा ४२७सारख्या मोठ्या इंजिनांवर, त्याहून जास्त. हे काही आजचं खूळ नाही. १९६९मध्ये शेव्हर्लेने स्वतःच ३९६ इंजिनावर एल-८९ या पर्यायात अ‍ॅल्युमिनियमची हेड्स दिली होती. त्याच वर्षीच्या झेडएल-१ कमॅरोत तर ४२७चं अख्खं इंजिनच अ‍ॅल्युमिनियमचं, म्हणजे मोठ्या ब्लॉकची ताकद आणि वजन जवळपास छोट्याचं. अशा ६९ गाड्या बनल्या. आपण हेड्सवर समाधान मानू. घेताना ज्वलनकक्षाचा आकार विचारा. माझ्या इंजिनाची मूळ हेड्स ७६ सीसीची, बाजारात सहज मिळणारी ६४ची. आकार लहान झाला की कॉम्प्रेशन वाढतं. ते अ‍ॅल्युमिनियमला बऱ्यापैकी झेपतं, पण पंपावर कोणतं पेट्रोल भरावं लागेल ते आधी ठरलेलं बरं. आणखी एक, कारण नवखे इथेच फसतात: या इंजिनात हेडचे बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उतरतात. आट्यांना सीलंट लावलं नाही तर कूलंट बोल्टावाटे वर येतं आणि माणूस गॅस्केटला शिव्या घालत बसतो. बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्कच्या पान्यानेच आवळा.

बाकीचे भाग भराभर. पाण्याचा पंप अ‍ॅल्युमिनियमचा, ७ पाउंड कमी. पितळी रेडिएटर गळायला लागला की अ‍ॅल्युमिनियमचा, १२ कमी. जुना स्टार्टर गेला की गिअरचा छोटा स्टार्टर, १० कमी. मात्र फ्लायव्हीलचे दात मोजून घ्या, १५३ आणि १६८ असे दोन प्रकार आहेत आणि त्यानुसार बोल्टांची जागा बदलते. बिडाच्या एक्झॉस्टऐवजी नळ्यांचे हेडर घातले तर १८ पाउंड गेले, पण स्पार्क प्लग काढताना कोपर भाजतं आणि गाडीखालची उंची कमी होते. वेग रोखायच्या प्रत्येक उंचवट्यावर जीव वर-खाली होतो. आज पुन्हा ठरवायचं झालं तर हेडर मी सोडून दिले असते.

एसी काढून टाका, असं तुम्हाला कोणीतरी हमखास सांगेल. नका काढू. जुना ए-सिक्स कॉम्प्रेसर साधारण ३५ पाउंडांचा धोंडा असतो, त्याच्या जागी आजचा छोटा रोटरी कॉम्प्रेसर आणि हलका कंस बसवला की वीसेक पाउंड जातात आणि ऑगस्टमध्ये माणसासारखं बसता येतं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते. १९९५पासून चालू आहे, फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंत नुसत्या जुन्या गाड्या, आणि वेग आषाढी वारीतल्या बैलगाडीचा. तिथे एसी काढलेले वीर ओल्या टॉवेलने घाम पुसताना दिसतात.

चौथी पायरी: चाकं

स्प्रिंगच्या खालचं वजन, त्यातही फिरणारं वजन, हे सगळ्यात जाचक. ते खड्ड्यातून उसळतं तेव्हा आवरायला एकटा शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. लोखंडी १५ इंची रॅली चाकाऐवजी त्याच मापाचं अ‍ॅल्युमिनियमचं घेतलं तर चाकामागे पाचेक पाउंड वाचतात. आकडा छोटा, पण स्टीअरिंग हातात धरल्यावर इतर कुठल्याही वीस पाउंडांपेक्षा हा फरक जास्त जाणवतो. उलट १८ इंची मोठी चाकं घेणारे ‘अलॉय आहे, हलकंच असणार’ म्हणतात. चाक-टायर एकत्र काट्यावर ठेवून बघा, पुष्कळदा जुन्या लोखंडीपेक्षा जड भरतं.

पाचवी पायरी: पत्रा, आणि इथे माझी फजिती

फायबरग्लासचं बॉनेट मी हौसेने आणलं. मूळ पत्र्याचं बॉनेट उचलायला दोघं लागले होते, हे मी एकट्याने डोक्यावर घेऊन आणलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. बिजागऱ्यांच्या स्प्रिंगा मूळ जड बॉनेटसाठी बनवलेल्या, त्यामुळे बंद केलं की ते मधोमध कमानीसारखं वाकायचं. आय-७५वर ताशी सत्तर मैलांच्या वेगाला त्याची पुढची कड फडफडायला लागली आणि मी चाळीसने उजव्या मार्गिकेतून घरी आलो. हे बॉनेट घ्यायचंच असेल तर आतून सांगाडा असलेलं घ्या, हलक्या स्प्रिंगा लावा आणि पुढे पिना लावा. मी मूळ बॉनेट परत बसवलं. १९६९च्या सिक्स बॅरल (तीन जोड-कार्ब्युरेटरांच्या) रोड रनरला कारखान्यानेच उचलून काढायचं फायबरग्लासचं बॉनेट दिलं होतं, पण त्याला चार कोपऱ्यांना पिना होत्या आणि बिजागरी नव्हतीच.

काचांच्या जागी प्लास्टिक घालू नका. वायपरच्या दोन फेऱ्यांत ओरखडे पडतात, आणि पुढच्या काचेवर एएस-१ हा सुरक्षित काचेचा शिक्का असणं कायद्याने लागतं. फायबरग्लासचे बंपर दिसायला झकास, पण पार्किंगमधल्या पहिल्या धक्क्याला मडगार्ड देऊन बसतात. तुमची गाडी १९७३ किंवा नंतरची असेल तर पाच मैलांच्या धक्क्याच्या नियमामुळे तिचे बंपर खरंच अवजड आहेत, तिथे हात चालवायला जागा आहे. आधीच्या गाड्यांत नाही.

चेसिसला किंवा कंसांना भोकं पाडून वजन कमी करण्याच्या भानगडीत पडू नका. १९६३ साली पॉन्टिअ‍ॅकने कॅटलिनाच्या चेसिसला अशी भोकं पाडून चौदा गाड्या काढल्या, त्यांचं नावच ‘स्विस चीज’ पडलं. १९६८च्या हेमी डार्टची दारं अ‍ॅसिडमध्ये बुडवून पातळ केली होती, बाजूच्या काचा पट्ट्याने वर ओढायच्या, हीटर नाही, मागची सीट नाही. दोन्ही गाड्या पाव मैल सरळ पळण्यासाठी होत्या. रस्त्यावर खड्डे असतात, आणि बाजूने दुसरी गाडीही येते. शिवाय ड्रिलने पाडलेल्या भोकांतून निघतं किती? दात कोरून पोट भरत नाही.

सहावी पायरी: काय ठेवायचं

पहिल्या उन्हाळ्यात मी आतला गालिचा आणि त्याखालचं डांबरी जाजम उचकटून काढलं. काट्यावर पस्तीस पाउंड. मोठा पराक्रम. मग आम्ही सहकुटुंब फ्रँकनमथला निघालो, तासा-सव्वातासाचा रस्ता. सायलेन्सरची उष्णता तळव्यांना लागत होती आणि बोलायचं तर ओरडून. परतीच्या वाटेवर बायको शांतपणे म्हणाली, “पुढच्या वेळी तू ही गाडी घे, मी मुलांना घेऊन व्हॅनने येते.” पस्तीस पाउंड परत गेले. नवं आवाजरोधक लावताना मात्र एक शिका: अख्खा पत्रा झाकायची गरज नसते. बोटाने वाजवून बघा, जिथे डबा वाजतो तिथे मधोमध एक तुकडा पुरे. उष्णतेसाठी फक्त गिअरबॉक्सवरच्या बोगद्यावर आणि पायाखाली वेगळा हलका थर.

हीटर, काचेवरची वाफ घालवणारा पंखा, वायपर, हँडब्रेक, सीटबेल्ट, दारातल्या आडव्या पट्ट्या यांच्याकडे बघायचंही नाही. आणि जो मूळ भाग काढाल त्याला तेल लावून, चिंधीत गुंडाळून, नाव लिहून माळ्यावर ठेवा. बिडाच्या मॅनिफोल्डवर ओतीव क्रमांक असतो आणि गाडी विकताना घेणारा तोच शोधतो. जे पान्याने निघतं ते काढावं, ज्याला करवत लागते ते राहू द्यावं. गाडी अस्सल एसएस ३९६, म्हणजे शेव्हेलची मोठ्या इंजिनाची खास आवृत्ती, असेल तर पानाही विचार करून उचला.

सातवी पायरी: पुन्हा काटा

नाक हलकं झालं की गाडी पुढून वर येते. लगेच स्प्रिंग कापू नका. दोन आठवडे चालवा, रबरं बसू द्या, मग उंची मोजा. फरक बोटभर असेल तर अ‍ॅल्युमिनियम हेडच्या छोट्या ब्लॉकसाठी मिळणाऱ्या तयार स्प्रिंगा घ्या. उंची बदलली म्हणजे कॅम्बर-टो हे चाकांचे कोनही बदलले, तेव्हा अलाइनमेंट करून घ्यावीच लागते. हेडलाइटही खाली वळवा, नाहीतर समोरून येणारा डोळे मिचकावत जातो. विमा ठरलेल्या किमतीचा असेल तर बदललेल्या भागांची यादी आणि पावत्या कंपनीला पाठवा.

मला हे सगळं करायला दोन हिवाळे लागले. मग त्याच काट्यावर, त्याच अर्ध्या टाकीने गेलो. पुढे १,९८०, मागे १,६००, एकूण ३,५८०. दोनशे ऐंशी पाउंड उतरले, आणि पुढचा वाटा? ५५ टक्क्यांहून थोडा जास्त, होता तिथेच. नाकातून काढलं त्याच प्रमाणात मागूनही निघालं होतं, बॅटरीने मागची बाजू थोडी सावरली इतकंच. पावती बघून क्षणभर हिरमोड झाला. पण ट्रक स्टॉपमधून बाहेर पडताना उताराचं वळण लागतं, जिथे पूर्वी स्टीअरिंगशी झटापट व्हायची. तिथे या वेळी एका हाताने वळलो, दुसऱ्या हातात कॉफी होती.